जागच्या जागी धावणारी गाडी

सुंदराच्या घरात भीती जावयासारखी राहायची. तिची बडदास्त ठेवल्याशिवाय दिवस पुढे सरकत नसे. लिंबायतच्या लूम कारखान्यात मशीनचा पट्टा तुटला आणि तिच्या नवऱ्याची, राघोची, बोटं गेली. तेव्हापासून बॉबिन भरायचं मशीन सुरू करण्याआधी ती पट्ट्यावरून हात फिरवी. कारखान्यातल्या बायका हसत. हसोत बापड्या! दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं.

त्या दुपारी मुलगा योगेंद्र डबा विसरला, म्हणून ती पहिल्यांदाच तो कामाला होता त्या गॅरेजात गेली, पर्वत पाटिया भागात. आत पाऊल टाकलं आणि ती दारातच थबकली. पट्ट्यांनी जमिनीला जखडलेली मोटार रोलरवर उभी, इंजिन कानठळ्या बसवतंय, चाकं गरगरताहेत, आणि गाडी जागची हलत नाही. स्टिअरिंगवर तिचा योगेंद्र!

चाकं थांबली, ताकद मोजणाऱ्या यंत्रावर आकडा उमटला, तसा गाडीचा मालक तडकला. "कंपनी सौ हॉर्सपॉवर बोलती है. पचासी कैसे?"

ते शंभर इंजिनाचे, योगेंद्रनं समजावलं. चाकापर्यंत येताना क्लच, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल आपापला घास काढून घेतात.

"बाकीनं कोठे जास?" सुंदरानं हळूच विचारलं.

"गरम व्हई जास, माय. घासाईसन."

हे तिला ठाऊक होतं. कारखान्यातही मोटर घुमायची, पट्टा तापायचा आणि मशीनपर्यंत कमीच जोर पोहोचायचा. तापलेला पट्टा काय करतो, तेही तिनं पाहिलं होतं. आता तिला गाडीला जखडणाऱ्या त्या पट्ट्यांशिवाय काही दिसेना.

"फिर से. फुल," गॅरेजचा शेठ म्हणाला. "काहीच व्हस नही, माय," म्हणत योगेंद्र हसत आत बसला. पट्ट्यांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

ओरडावं तर पोराची नोकरी जायची. सुंदरानं डबा खाली ठेवला, गाडीचं दार उघडलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"माय, तू कसाले बठनी? उतर!"

"तू बठस, मी बी बठस. काहीच व्हस नही, तूच म्हणस ना?"

योगेंद्रचा हात चावीवर गेला आणि तिथंच राहिला. त्यानं आईकडे पाहिलं, मग काचेतून समोरच्या पट्ट्यांकडे. त्याचं हसू मावळलं. शेठ हाका मारत असतानाच तो खाली उतरला, वाकला आणि एकेका पट्ट्यावरून हात फिरवू लागला. अगदी तिच्यासारखा.

मागच्या पट्ट्याजवळ तो थांबला. शिवण अर्ध्याहून जास्त उसवली होती. योगेंद्र तिथंच जमिनीवर बसला आणि तो पट्टा सोडवू लागला.