आरशात पाहून सुधारलेली पेटी

माझ्या सासऱ्यांची इज्जत कित्येक वर्षं एका बंद पडलेल्या व्हिडिओ गेममध्ये अडकून होती.

मामाजी (म्हणजे सासरे) एके काळी सौंदडला ही गेमची पेटी चालवत. शेवटचा डाव त्यांच्या आमगावच्या दोस्तानं जिंकला आणि त्याच दिवशी पेटी मेली! पुढे हाच दोस्त त्यांचा इवाई, म्हणजे व्याही झाला. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात एकच प्रश्न : "काऊन जी इवाई, पेटी बिघडली का मुद्दाम बंद ठेवली?"

यंदा मामाजी उसळले. "मंडईच्या दिवशी या! आमचे जावईबापू इंजिनिअर हायेत!"

(मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. आणि जावईबापू म्हणजे मी. गोंदियात इन्व्हर्टर दुरुस्त करतो.)

पेटी उघडली आणि मला घाम फुटला. साधा टीव्ही पडदा वरून खाली सारवत जातो. हिच्यात मात्र उजेडाचा ठिपका पाटीवरच्या पेन्सिलीसारखा धावून नुसत्या रेघा काढतो. त्याला पळवणारा बोर्ड जळून कोळसा झालेला, आणि त्याचे भाग आता मिळत नाहीत. म्हणून मी नवा बोर्डच डिझाइन केला! नवे ट्रान्झिस्टर, गरमी ओढून घ्यायला पोळपाटाएवढा हीटसिंक, शिवाय ठिपका एका जागी अडकला तर पडदा जळू नये म्हणून आपोआप बंद होणारं सर्किट. तीन महिने बायको माझ्या पाठीशीच बोलत होती.

मंडईच्या आठ दिवस आधी मी बोर्ड बसवला. हात पेटीच्या मागे, पडदा पुढे. म्हणून आम्हा कारागिरांच्या रिवाजाप्रमाणे समोर आरसा ठेवला. आरशात पाहतो तर इंग्रजी अक्षरं उलटी! "इतकंच ना?" म्हणत मी दोन तारांची अदलाबदल केली. अक्षरं सरळ! मागचं झाकण लावलं, सासूबाईंचे वडे हाणले आणि गोंदियाची गाडी पकडली.

मंडईच्या सकाळी पोचलो तर मामाजी बटणं बडवत होते आणि पडद्यावरचे दगड चुकवत विमान सुसाट उडत होतं. मी पुढे जाऊन पाहिलं. अक्षरं उलटी, आणि डावं बटण दाबलं की विमान उजवीकडे!

"हे... असंच चालून राहिलं?"

"आठ दिवसांपासून," मेहुणी हसू दाबत म्हणाली. "जिजाजी, तुमी आरशात पाहून केलं का?"

"मग सांगितलं का नाही?"

"कोन सांगन? बाबा म्हनले, जावयाच्या कामाले कोनी नाव ठेवाचं नाई. आपला हात उलटा करा!"

आणि अख्ख्या घरानं हात उलटे केले होते. सासूबाईसुद्धा डावीकडे जायला उजवं बटण दाबत होत्या! मला भरून आलं. (लाजही वाटली, पण आधी भरून आलं.) मामाजी आंघोळीला गेल्याबरोबर मी गुपचूप झाकण काढलं, तारा जागच्या जागी लावल्या. पाच मिनिटांत माझी चूक साफ!

दुपारी इवाई आले. निम्मं गाव पेटीभोवती. इवायांनी झकास डाव खेळला. मग मामाजी उभे राहिले, बाह्या सारल्या, बटण दाबलं आणि विमान थेट दगडावर! दुसरं विमान, दुसरा दगड. तिसरं तर दगड शोधत गेलं!

"इवाई," आमगावचे इवाई गदगदा हसले, "तुमी दगडाइले भेटाले जाऊन राहिले का जी?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, पंक्तीत कोणी पानावरचा वडा उचलून न्यावा तसं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "जावईबापू, तुमी सुधारलं का जी?"

"हो, मामाजी."

"कायले?"

मी खिशातला स्क्रूड्रायव्हर आणखी आत ढकलला.

"रविवारी परत डाव मांडला हाये. तेवढी पेटी बिघाडून द्या."

मी बिघाडून दिली. पहिल्यांदा हीच चूक करायला मला तीन महिने लागले होते. या वेळी पाच मिनिटांत झाली. अनुभव म्हणतात तो हाच!