रामटेके सरांची पेन्सिल

रामटेके सरांच्या कानावर कायम पेन्सिलीचा तुकडा असायचा. आमच्या जुन्या मोटारींच्या क्लबात नवा सभासद गाडी घेऊन आला, की तो कौतुकाने बॉनेटवर हात फिरवत राही आणि सर तोवर गाडीखाली शिरलेले असत. चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला नंबर रॉकेलने पुसायचा, त्यावर कागद धरायचा, पेन्सिल घासायची. मग उमटलेला ठसा उजेडात धरून म्हणायचे, "मालक काय बोलते ते सोड गा. लोखंड काय बोलते ते पाह्य."

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवून सर निवृत्त झाले होते. मी क्लबचा सचिव. त्यांच्या ठशावर मी शिफारसपत्र द्यायचो आणि त्या पत्रावर गाडीला जुन्या मोटारींची खास नोंदणी मिळायची. अट एवढीच, की गाडी फक्त प्रदर्शनाला, रॅलीला किंवा दुरुस्तीला बाहेर काढायची. भाड्याने द्यायची नाही.

सरांची स्वतःची काळी मोटार मनीषनगरच्या घरामागे उभी होती. ती मूळची सरांच्या पत्नीच्या, सुमनकाकूंच्या माहेरची. पारशिवनीला गोठ्यात पडून होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालत. सरांनी अकरा वर्षं खपून ती धावती केली, काकूंच्या गुडघ्यांसाठी डावी सीट उंच करून घेतली. कागद झाले की क्लबची एक रॅली पारशिवनीला काढून याच गाडीतून काकूंना माहेरी न्यायचं ठरलं होतं. "सर, आधी तुमचेच कागद करू," मी म्हणायचो.

"तपासणाऱ्याची गाडी आखरीले," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

काकू चहा गाळता गाळता हसायच्या. "माहा नंबर येता येता म्हातारी झाली न मी!"

मग एका बिल्डरने जीप आणली. सरांनी ठसा माझ्यापुढे धरला. "आकड्याच्या कडा पाह्य, कशा धारदार हायेत. हा नंबर आत्ताच ठोकला. सही नको करू."

बिल्डर आमच्या रॅलीला दरवर्षी मैदान देत असे. मी सही केली, आणि सरांना सांगितलंही नाही. एका सहीने काय बिघडतं, असं मला खरंच वाटलं होतं.

जीप वरातींना भाड्याने फिरू लागली. एका वरातीत ब्रेक लागला नाही आणि बँडवाल्याचा पाय मोडला. चौकशीत नंबर खोटा निघाला, तेव्हापासून क्लबचं शिफारसपत्र कुठेच चालेना. बिल्डरने दुसरी गाडी घेतली. सरांची तेवढी अडकली, कारण ती शेवटी होती.

तेवढ्यात काकूंचं दुखणं वाढलं. मी म्हणालो, "सर, एक दिवस तशीच घेऊन जा. कोण पाहतं?"

"मंग त्या बिल्डरात अन् आपल्यात फरक काय राह्यला गा?"

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काकू भाच्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडव्या होऊन माहेरी जाऊन आल्या आणि महिन्याभरात गेल्या.

काकूंसाठीच्या बुद्धवंदनेनंतर, पुण्यानुमोदनाचा विधी आटोपल्यावर मी घरी गेलो तर सर गाडीखाली होते. बाहेर येऊन त्यांनी कागद पुढे केला. झिजलेले आकडे अंधुक उमटले होते.

"खरा हाये न?"

"खरा आहे, सर."

"मंग कर सही."

माझ्या सहीला आता कोणी विचारत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. मी सही केली. सरांनी कागदाची घडी घातली, ती डाव्या सीटवर ठेवली आणि दार हळूच लावलं.