रिकाम्या पेटीची फिर्याद

ही हकिगत सांगायची तर आधी माझी चूक कबूल केली पाहिजे. जी वस्तू चोरीला गेलीच नव्हती तिच्या चोरीचा मी दहा दिवस तपास केला, आणि त्या दहाही दिवसांत ती वस्तू माझ्याच ठाण्यात, माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होती. नोकरीत उघडकीस आणलेले कितीतरी गुन्हे आता आठवत नाहीत. हे प्रकरण मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधी मी लोणावळ्याला फौजदार होतो. आषाढ चालू होता. ठाण्यातली रजिस्टरं सादळलेली, शाई कागदावर पसरायची, काडी पेटायची नाही. अशा दिवसांत खंडाळ्याच्या एका बंगल्यातल्या बाईसाहेब फिर्याद घेऊन आल्या. मुंबईच्या बड्या वकिलाच्या पत्नी, प्रकृतीसाठी बारा महिने इथंच राहत. दागिन्यांची पेटी कपाटातून गेली म्हणाल्या. मी कागद पुढं ओढला.

"आत काय काय होतं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"रिकामी होती, फौजदारसाहेब."

"मग चोरीला काय गेलं?"

"पेटी! तेच तर सांगतेय मघापासून."

बाईसाहेबांना जुन्या दागिन्यांच्या पेट्या जमवायचा नाद होता. त्यांच्या दिवाणखान्यात मी त्या पाहिल्या. हस्तिदंताच्या पट्ट्या बसवलेल्या, लाखकामाच्या, काश्मिरी नक्षीच्या, झाकणाला आतून आरसा असलेल्या. चाळीसएक असतील, आणि एकीतही दागिना नव्हता. गेलेली पेटी चंदनाची, पितळी कोपऱ्यांची. तिची बिजागरी निखळली होती, ती सोनाराकडून बसवून त्यांनी स्वतः आणली आणि कपाटात ठेवली, असं त्या शपथेवर सांगत होत्या.

"किंमत काय लिहू?"

"शंभर वर्षांची आहे हो ती. किंमत काय लिहिणार?"

रिकाम्या पेटीसाठी कोणी पावसात ठाण्यात येतं, हे माझ्या बुद्धीला पटेना. आत दागिने होते, पण काही कारणानं घरच्यांपासून लपवायचे आहेत, असं मी ठरवून टाकलं. तपास तिथंच वाकडा झाला.

दुसऱ्या दिवशी माझा खबरी आला. बंगल्यातली मोलकरीण गेल्या आठवड्यात लोणावळ्यातल्या सोनाराच्या दुकानात दिसली होती, म्हणाला. ही बाई जवळच्या भाजे गावची, विधवा, पन्नाशीला टेकलेली. गावात लहानथोर तिला मावशी म्हणत. मी तिला बोलावून घेतलं.

"सोनाराकडं कशाला गेली होतीस?"

"बाईसायबांनीच धाडलतं. बिजागरी झाली का, त्ये इचारायला."

"पेटीत काय होतं?"

"काय बी न्हाई. रिकामीच व्हती."

"म्हणजे उघडून पाहिलीस!"

"रोज पुसते, सायेब. उगडल्याबिगर आतनं कशी पुसू?"

उत्तर सरळ होतं. पण मला त्यात पढवलेपणा दिसला. बाईसाहेब रिकामी म्हणतात, हीही रिकामीच म्हणते, म्हणजे काहीतरी शिजतंय! सोनाराची जबानी घेतली. त्यानं दोन्ही गोष्टी खऱ्या असल्याचं सांगितलं: मोलकरीण विचारायला आली होती, आणि सोमवारी बाईसाहेब टांग्यातून येऊन पेटी घेऊन गेल्या. हे मी माझ्याच हातानं लिहून घेतलं. 'टांग्यातून' हा शब्दही लिहिला. टांगेवाल्याला शोधावं, एवढं मात्र सुचलं नाही.

मग दोन पंच घेऊन भाज्याला तिच्या घराची झडती घेतली. घर कसलं, दीड खण. दोन कणग्या होत्या. एकीतलं भात खाण्यात होतं, दुसरीचं तोंड शेणामातीनं लिंपून बंद केलेलं. मावळात भर पावसात असं लिंपलेलं तोंड कोणी उघडत नाही. सर्द हवा लागली की भात गेलं.

"सायेब, तेवढी फोडू नगा," ती म्हणाली. "दिवाळीपतूर पुरवायचंय. पाया पडते."

ती घाबरली, म्हणजे माल त्यातच आहे, असा मी अर्थ काढला. शिपायाकडून कणगी फोडून घेतली. ओल्या जमिनीवर भात ओतलं. अर्धी आळी दारात उभी होती. आत भाताखेरीज काही नव्हतं. पंचनाम्यावर एका पंचानं सही केली, दुसऱ्यानं अंगठा केला. भात भरून द्यायलाही आम्ही थांबलो नाही.

पुढचे चार दिवस मी तिला ठाण्यात बसवून ठेवलं, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. हात लावला नाही, हे खरं. पण येणारा-जाणारा तिला बघत होता, आणि बघावं अशीच माझी इच्छा होती. चौथ्या दिवशी ती मान वर करून म्हणाली, "सायेब, हितं येखंडाचा वास येतोय."

"काय?"

"येखंड. कीड लागू नये म्हून बाईसायबांच्या समद्या पेट्यांत मी घालते. चिंधीत बांधून. ह्यो त्योच वास हाय."

वेखंड कुठल्या घरात नसतं? बाळाच्या टाळूपासून कपड्यांच्या ट्रंकेपर्यंत सगळीकडं असतं. मी वैतागून म्हणालो, "तीन दिवस दातखीळ बसली होती आणि आता वास यायला लागला! नाटकं बंद कर." हवालदार हसला. तिनं मान पुन्हा खाली घातली.

पुरावा नसल्यानं तिला सोडावं लागलं. त्यानंतर दोन दिवसांनी एका मारामारीतली काठी कोर्टात पाठवायची म्हणून मी मोहोर लावायला बसलो आणि हवालदाराकडं लाख मागितली. त्यानं शेजारच्या मुद्देमालाच्या खोलीतून एक डबा आणून माझ्यापुढं ठेवला. चंदनाचा, पितळी कोपऱ्यांचा. झाकण उघडलं आणि वेखंडाचा भपकारा आला. लाखेच्या कांड्यांखाली जुन्या लुगड्याच्या चिंधीची पुरचुंडी होती.

"हा कुठून आला?"

"बेवारशी माल, साहेब. टांगेवाल्यानं आणून दिला, कोणीतरी टांग्यात विसरलं म्हणून. रिकामाच होता. म्हटलं, लाख ठेवायला बरा."

"आणि नोंद?"

"आहे ना! खाली तुमची सही आहे."

होती. 'जुना लाकडी डबा, नग एक, आत चिंधी.' शनिवारी रजिस्टरांची चळत पुढं आली की मी न वाचता सह्या ठोकत असे. फिर्यादीत मी लिहिलं होतं 'दागिन्यांची पेटी', आणि रजिस्टरात मी सही केली होती 'लाकडी डब्या'वर. हवालदारावर ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार कशाबद्दल?

बाईसाहेबांना पेटी नेऊन दिली. "अगंबाई, टांग्यातच राहिली होय!" म्हणत त्यांनी बिजागरी दोनदा उघडमीट करून पाहिली. मग म्हणाल्या, "त्या बाईला सांगा, उद्यापासून ये कामाला." बाई परत गेली नाही. दुसऱ्या कोणत्या बंगल्यानंही तिला ठेवलं नाही, कारण ठाण्यात बसलेली सगळ्यांनी पाहिली होती, पेटी सापडलेली कोणी पाहिली नव्हती. कणगीतलं भात बुरशी येऊन गेलं. मी प्रकरण 'गैरसमजुतीची फिर्याद' म्हणून निकालात काढलं आणि शिपायाबरोबर तिला निरोप धाडला, की तुझ्यावर काही नाही. स्वतः गेलो नाही. फौजदारानं मोलकरणीच्या दारात जायचं म्हणजे ठाण्याचा वचक जाईल, असं मी स्वतःला समजावलं. मग बदली झाली.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. संशयिताचं खोटं पकडायला आम्हाला शिकवलेलं असतं, खरं ऐकायला कोणी शिकवत नाही. ती बाई पहिल्या प्रश्नापासून खरं बोलत होती, आणि तिचं प्रत्येक खरं वाक्य मी तिच्याविरुद्ध लावलं.

पेन्शनीवर आल्यावर गेल्या हिवाळ्यात मळवली स्टेशनावर उतरून चालत भाज्याला गेलो. ती अंगणात भात पाखडत होती. केस पांढरे झालेले. मला तिनं लगेच ओळखलं.

"काय सायेब, आणिक काय हरवलं का?"

आलो कशासाठी ते मी कसंबसं सांगितलं. ती सूप खाली ठेवून म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपेग? मला ठावंच हाय. झडतीला पंच आणलंत, तवा आता बी पंच आना."

सही करणारा पंच वारला होता. अंगठा करणारा म्हातारा चार घरं पलीकडं होता. मी स्वतः जाऊन त्याला हाताला धरून आणला. आळीतली माणसं जमली. कणगी फोडली होती त्याच दाराशी उभा राहून मी म्हणालो, "मावशी, तुम्ही चोरी केली नव्हती. पेटी माझ्याच ठाण्यात होती. तुम्ही वास ओळखलात, मी ऐकलं नाही. कणगी मी फोडायला लावली. चूक माझी होती. मला माफ करा."

म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला. "काय म्हनत्यात?"

"आबाला कमी ऐकू येतंय," मावशी म्हणाल्या. "मोठ्यानं सांगा."

मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, पार शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.