लाकडाला कान लावणारे काका

"कोण म्हणतं?" लाकडी पट्टीवर अंगठ्याच्या नखानं टकटक करत, कान अगदी जवळ नेऊन काका विचारायचे. कुणी तपासणीचा कागद पुढे केला, की त्याच्याकडेही त्याच नजरेनं बघायचे. कोपऱ्यावरच्या डेअरीतून आणलेल्या दुधाची तारीखसुद्धा दोनदा वाचायचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, आणि टाळलाही असेल.

इथं परदेशात, टाकानिनी नावाच्या उपनगराजवळ एका धावपट्टीलगतच्या शेडमध्ये आम्ही हौशी मंडळी दर शनिवारी पहिल्या महायुद्धातल्या टेहळणी विमानाची प्रतिकृती बांधत होतो. मी पुण्याचा, नोकरीनं सॉफ्टवेअरवाला. काकांचं आयुष्य विमानदुरुस्तीत गेलेलं. निवृत्तीनंतर ते नर्स असलेल्या लेकीकडे इथं आले होते.

"काका, दोन पंख, तारा आणि कापड. सोपंच होतं की तेव्हा!" मी एकदा म्हणालो.

"कोण म्हणतं? आधी वळायला अख्खा पंख पिळायचे. मग कडेला हलत्या पट्ट्या आल्या. खालचं नीट बघता यावं म्हणून विमान अगदी स्थिर केलं, आणि तेच नडलं. शत्रू मागे लागला की झटकन वळेचना. पुढे बसलेल्या टेहळ्यानं बंदूक उचलावी, तर चहूकडे आपल्याच तारा!"

विमान पूर्ण होत आलं आणि काकांना खालच्या डाव्या पंखाचा संशय आला. "आवाज बद्द येतोय."

"ऑल गुड, मेट. तपासून सही झालीय," शेडप्रमुख म्हणाले.

पुढच्या शनिवारी त्या पंखाच्या कापडाला वीतभर चीर दिसली.

"मीच कापलं," काका म्हणाले.

टॉर्च लावून पाहिलं. आतलं लाकूड ठणठणीत होतं. शेडप्रमुखांनी काकांकडची शेडची किल्ली मागितली. काकांनी ती टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. खरं सांगतो, मलाही वाटलं, विमान बांधून संपलं तर शनिवार रिकामा होईल म्हणून हा म्हातारा खोडा घालतोय.

चीर शिवण्याआधी मी सहज हात आत घातला. हातभर पुढे, पंखाच्या मुख्य दांड्याच्या जोडात नख अडकलं. तिथं डिंक धरलाच नव्हता.

मी थेट काकांच्या घरी गेलो. त्यांनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं. "काय हवंय?"

"भेग सापडली, काका. तुम्ही कापलं त्याच्या हातभर पुढे."

साखळी निघाली. ते खुर्चीत टेकले. "हातभर चुकलो. कान गेला माझा." मग हळूच म्हणाले, "पुढच्या आसनावर तूच बसणार होतास ना?"

मी मान हलवली आणि तिथूनच शेडप्रमुखांना फोन लावला.

शेडप्रमुख स्वतः जाऊन त्यांना किल्ली देऊन आले. नवा दांडा बसेपर्यंत हिवाळा सरला. काका मात्र त्यानंतर तीनच शनिवार आले. मग त्यांच्या हृदयानं साथ सोडली.

चाचण्या पार पडल्यावर मी पुढच्या आसनावर बसून वर गेलो. तारांमधून खाली पाहिलं, तर कुंपणापाशी त्यांची लेक ड्यूटीच्या कपड्यांतच उभी होती. बाकी सगळे हात हलवत होते. ती उन्हासाठी कपाळावर हात आडवा धरून नुसती पंखाकडे बघत होती, आमची चाकं जमिनीला टेकेपर्यंत.