घंटागाडीत गेलेला माझा डबा

बायांनो, आज सकाळी मी घंटागाडीमागं पळाले. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

आमची पिठाची गिरणी आहे. लोकांच्या दळणात जे काही बारीकसारीक सापडतं, ते मी एका डब्यात ठेवते. आज सुनेनं घर आवरताना भंगार समजून तो गाडीत टाकला. मी गिरणी बंद केली आणि तशीच पिठाच्या तोंडानं धावले.

गाडीवाला म्हणाला, "मावशी, सोनं होतं का त्यात?"

"सोनं असतं तर कपाटात नसतं का ठेवलं? काढ लवकर!"

डबा मिळाला. घरी येऊन सुनेपुढं आदळला. ती रडवेली झाली. "आई, यात नुसती बटणं न् मणी आहेत हो."

"आणि हा दात कुणाचा? तुझ्या नवऱ्याचा!"

लहानपणी तो गिऱ्हाइकांची हरभऱ्याची डाळ चोरून खायचा. एकदा चावताना दुधाचा दात पडला, तो थेट शेजारणीच्या डाळीत. नशीब, दळायच्या आधी मला दिसला.

सून पोट धरून हसली. फोटो काढून लगेच नवऱ्याला पाठवला. तो ओझरला कामावर. त्याचा फोन आला, "आई, शेजारच्या काकू अजून आपल्याकडंच दळतात. गप्प बस!"

मग सून एकेक वस्तू हातात घेऊन विचारत बसली. बाहेर गिऱ्हाईक ओरडत होतं. ओरडू दे म्हटलं.

खरं सांगू? मी तिला कधी काही सांगितलंच नव्हतं. तिला कसं कळणार?

तुम्ही जपलेलं असं काय आहे, जे घरच्यांना कचरा वाटतं? इथं लिहा. पण आधी घरात सांगा.