कुणाची हरकत?

आमच्या दूध शीतकरण केंद्रात दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. कॅनची चार झाकणं धुऊन उलटी मांडली की ताटं तयार. केंद्र केजजवळ, सहकारी संघाचं. मी दुधातली फॅट तपासायचो. बाकी व्यवस्थापक, कॅन धुणाऱ्या मावशी आणि टेम्पोचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणत. जेवताना आमचं एकमत कधीच झालं नाही. पिठल्यात मीठ जास्त, ठेच्यात तेल कमी, मामांची भाकरी जाड.

"मामा, ही भाकर हाय का टायर?" मावशी विचारायच्या.

"स्टेपनी हाय. तुमचं तुमी खावा."

हीच माणसं मासिक बैठकीत सतरंजीवर बसली की वेगळी व्हायची. उंच पाठीच्या खुर्चीतून चेअरमन विचारायचे, "कुणाची हरकत?" आणि आम्ही शाळेतल्या प्रार्थनेसारखं एका सुरात म्हणायचो, "हरकत नाही." संघाच्या कारभारात तेवढी एकच गोष्ट वेळेवर व्हायची.

दुष्काळाचं वर्ष होतं. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं. दिंद्रुडकडून मामांचा टेम्पो यायचा तेव्हा आधी रिकाम्या कॅनचा खडखडाट ऐकू यायचा. बैठकीत व्यवस्थापकांनी मांडलं, की दोन महिन्यांनी ती फेरी बंद करावी. मामा रोजंदारीवर होते आणि ती एकच फेरी करायचे. फेरी गेली की मामाही गेले, हे तिथं प्रत्येकाला कळत होतं.

"कुणाची हरकत?"

मी मावशींकडं पाहिलं. मावशींनी सतरंजीकडं. मामा वरच्या पंख्याकडं बघत होते; तो लाइट नसल्यानं बंद होता. मग मामाच आधी म्हणाले, "हरकत न्हाई." त्यांच्यामागून आम्ही.

दुसऱ्या दिवशी जेवताना मिठाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. मावशींना ते सोसेना.

"मामा, तुमी सोताच कामून व्हय म्हणलात?"

"तुमी समदे खाली बघत व्हते. मला वाटलं, तुमचं आधीच ठरलंय."

"आमचं कुठं काय ठरलंय? आमाला वाटलं, तुमालाच लेकाकडं जायचंय."

व्यवस्थापक भाकरी मोडता मोडता थांबले. म्हणाले, "मला तर वाटलं, चेअरमन साहेबांच्या मनात आहे." संध्याकाळी त्यांनी चेअरमनना गाठून विचारलं. साहेब म्हणाले, "मी समजलो, स्टाफचीच मागणी आहे." म्हणजे कुणालाच नको असलेला निर्णय आम्ही सर्वानुमते घेतला होता, आणि तोही अत्यंत शिस्तीत.

उपाय सोपा होता. पुढच्या बैठकीत ठराव कायम करताना कुणीतरी हरकत घ्यायची. पण आधी कोण बोलणार?

"मीच मांडला, मीच कसा मोडू? स्टाफमधून यावं," व्यवस्थापक म्हणाले.

मी म्हणालो, "विषय मामांचा आहे, सुरुवात त्यांनी करावी."

"सोताच्या पोटाचं सोता काय बोलायचं? बरं दिसत न्हाई," मामा म्हणाले.

मावशी म्हणाल्या, "कुणीबी तोंड उघडा, मी मागून बोलते." आम्ही तिघंही अगदी तेच म्हणत होतो, फक्त जास्त शब्दांत.

बैठक आली. पहिला विषय केंद्राच्या फाटकावर स्वागत कमान उभारण्याचा. कॅन धुवायला पाणी विकत येत होतं. चर्चा मात्र कमानीच्या रंगावर रंगली. मग मागचे ठराव. "कायम करायचे ना? कुणाची हरकत?"

आम्ही एकमेकांची वाट पाहिली. वाट पाहता पाहता कुठूनतरी "हरकत नाही" आलं, सवयीनं. कुणाच्या तोंडून, ते मला आजही सांगता येणार नाही.

मामांना निरोप द्यायचं ठरलं तेव्हा उत्साह दांडगा. शाल, श्रीफळ, फोटो. खुर्च्या केजहून भाड्यानं आणायच्या होत्या आणि टेम्पो चालवणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्या मामांनीच आणल्या. उतरवूनही घेतल्या. चेअरमन बराच वेळ बोलले. संघ म्हणजे एक कुटुंब, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग त्यांनी मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

मामा शाल सावरत उठले. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, उन्हाकडं पाहिलं.

"खुर्च्या सांजच्या आत माघारी न्यायच्या हायत," ते म्हणाले. "जरा आटपा."