कोब्यातला पाय

बद्रीनाथला फोटो काढता येत नाहीत, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो. शहागंजात माझा स्टुडिओ. मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर तलाव आणि दोन हंस, पुढं वेताची खुर्ची. त्या खुर्चीत बसलेल्या मुलींचे फोटो पाहून अर्ध्या औरंगाबादेची लग्नं जुळली. आणि हा गडी वीज मंडळातला लाइनमन, जुन्या बाजारात घेतलेला बॉक्स कॅमेरा पिशवीत घालून सायकलच्या हँडलला अडकवून हिंडणारा. त्याच्यावर जळायचं मला काही कारण नव्हतं. तरी जळलो, आणि मनापासून जळलो.

तो शेंद्र्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. बोलणं कमी. मंडळानं त्याच्याकडं बंद पडलेल्या जागांची वीज तोडायचं काम दिलं होतं. कापसाची जिनिंग बंद पडली, एखादं गोदाम रिकामं झालं, की बद्रीनाथ खांबावर चढायचा. तार कापायची, मीटर काढायचं आणि निघायचं, एवढंच काम. पण हा खाली उतरून आत शिरायचा. रविवारी सुट्टी असली की पुन्हा तिथंच जायचा, कॅमेरा घेऊन. पडक्या बराकी, बिनछपराची कोठारं, दारं चोरीला गेलेल्या कचेऱ्या. एकदा कुठल्या तरी छतावरून पडून हात मोडून घेतला, तेव्हा प्लॅस्टरवाल्या हातानं रोल घेऊन आला.

रोल धुवायला माझ्याकडंच यायचा. एका रोलमध्ये आठ फोटो, आणि आठांत मिळून माणूस एकही नाही.

"अरे, माणूस नाही तर फोटो कशाचा?" मी एकदा विचारलं.

"आत्ताच उठून गेलाय की, मालक, इथून," तो म्हणाला. "त्येचाच हाय."

असली उत्तरं ऐकली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी त्याला सांगायचो, तुझा प्रकाश चुकला, तुझी चौकट वाकडी आली. तो मान डोलवायचा, "व्हय मालक" म्हणायचा आणि पुढच्या रोलला पुन्हा तसाच वाकडा फोटो आणायचा, की तो डार्करूमच्या दोरीवर वाळत असताना माझं दुसऱ्या कामात लक्ष लागू नये.

आमचं घर स्टुडिओच्या मागंच. माझी बायको कालिंदी लग्न होऊन आली तेव्हापासून निगेटिव्ह पाहून पाहून शहाणी झालेली. काळ्याचं पांढरं मनातल्या मनात करून ती चेहरा ओळखायची. माझं काम तिला दाखवलं की भाजी ढवळता ढवळता "छान आलंय" म्हणायची. एकदा बद्रीनाथनं बंद जिनिंगमधल्या भिंतीचा फोटो काढला. भिंतीवर कामगारांचे डबे अडकवायचे खिळे, ओळीनं पंचवीसतीस, आणि एकावर विसरलेली पिशवी. कालिंदी तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि तो फोटो खिडकीशी नेऊन किती तरी वेळ पाहिला. माझ्या एकाही फोटोसाठी तिनं कधी हात पुसले नव्हते.

आता हवाई पट्टीची गोष्ट. ती मला नंतर कळली, पण तुम्हाला आधीच सांगतो, म्हणजे मी काय केलं ते नीट कळेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लष्करानं जालना रस्त्यापासून आत, माळावर, विमानांसाठी एक पट्टी बांधली होती. कडेला दोन मजली इमारत. आसपासच्या गावांतल्या बाया कालवलेला गारा वाहायला होत्या, त्यात बद्रीनाथची आई मनकर्णाबाई. बद्रीनाथ तेव्हा जन्मायचा होता. तिच्याबरोबर दीड वर्षाची लेक असायची, आवडी. खालच्या खोलीत जमिनीवर सिमेंटचा कोबा घालणं चाललं होतं, तेवढ्यात पोरगी हात सोडवून पळाली आणि कोपऱ्यातल्या ओल्या कोब्यावर तिचा उजवा पाय उमटला. मुकादम ओरडला. पण फकिरा नावाचा गवंडी होता, त्यानं उगारलेली थापी मागं घेतली. म्हणाला, राहू द्या, लेकराचा पाय शुभ असतो.

पुढं गावात देवी आल्या आणि आवडी गेली. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पट्टीवर बाभळी उगवल्या, छपराचे पत्रे लोकांनी नेले. पहाऱ्यावर कोणी उरलं नाही तसं मनकर्णाबाई दर संक्रांतीला तिथं जाऊ लागली. त्या पावलात तिळगूळ ठेवायची आणि परत यायची. लेकीची दुसरी कसलीच खूण नव्हती तिच्याकडं. नंतर तिचे गुडघे गेले, दोन संक्रांती चुकल्या. तिला तो पाय पुन्हा बघायचा होता. म्हणून बद्रीनाथनं कॅमेरा उचलला. खिडकीतून ऊन तिरपं येऊन बरोबर त्या कोपऱ्यात पडावं, यासाठी तीन रविवार तो तिथं जाऊन बसला. तिसऱ्या रविवारी ऊन आलं आणि रोलमधला शेवटचा फोटो त्यानं घेतला.

हे एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालचं. डिसेंबरात रोल माझ्याकडं आला. "मालक, शेवटचा तेवढा नीट करा," तो म्हणाला. "आईला दाखवायचाय. संकरांतीच्या आत पायजे." यापेक्षा जास्त काही बोलला नाही. घरातली गोष्ट दुकानात कशाला, असा त्याचा स्वभाव.

मी रोल धुतला. ओलं निगेटिव्ह खिडकीशी धरलं, तर कालिंदी मागून आली. रिकामी खोली, उखडलेली भिंत, जमिनीवर उन्हाचा पट्टा. तिनं बोट न लावता कोपरा दाखवला.

"अहो, लेकराचा पाय."

मग ती तिथंच उभी राहिली. तिकडं चुलीवर दूध उतू गेलं, त्याचा वास घरभर झाला, तरी हलली नाही.

मी ते निगेटिव्ह महिनाभर तसंच ठेवलं. तो विचारायला आला की लग्नसराईचं नाव सांगायचो. रोज रात्री पडल्या पडल्या एकच विचार यायचा, की तीस वर्षं मी माणसांपुढं कॅमेरा लावून बसलोय आणि असं एक पाऊल मला सापडलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं मी मनात म्हणायचो की माझा स्टुडिओच छोटा, शहागंजच रुक्ष. पण तो फोटो शहागंजात नव्हता, तसा तो माळावरही कोणाला दिसला नव्हता.

संक्रांतीला चार दिवस उरले तेव्हा मी रिटचिंगच्या टेबलाशी बसलो. त्या काळी आमचं अर्धं पोट यावर चालायचं. मुलीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण असले तर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून ते भरायचे. कुठं नको तेवढं उजळ आलं असेल तर ब्लेडनं हलकंसं खरवडायचं. गालावरचा एकही खड्डा माझ्या हातून सुटायचा नाही, याचा मला भारी अभिमान. भिंगाखाली पाऊल आलं. पाच बोटांच्या पाच सावल्या. त्या पेन्सिलनं भरल्या. टाचेच्या कडेवर ऊन चमकत होतं, ते ब्लेडनं काढलं. कोबा नव्या नवरीच्या गालासारखा नितळ झाला.

हाताची सवय होती, असं पुढं मी सगळ्यांना सांगितलं. पण ते पाऊल आहे हे मला दिसत होतं. कोणाचं ते माहीत नव्हतं, एवढंच. आणि ते गेलं की त्या फोटोत रिकाम्या खोलीशिवाय काही उरत नाही, एवढं कळण्याइतकी अक्कल मला होती.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ आला. मी मोठा प्रिंट काढून ठेवला होता. त्यानं तो हातात घेतला, उजेडाकडं वळवला, पुन्हा वळवला.

"मालक, पाय कुठं गेला?"

"कसला पाय? डाग होता तिथं. साफ केला."

त्यानं प्रिंट तिथंच ठेवला आणि निघाला. तडक सायकल मारत पट्टीवर पोचला असणार, कारण दुपारी परत आला तेव्हा चपला, पायजमा सगळं पांढऱ्या धुळीनं भरलेलं. रस्त्याच्या ठेकेदारानं आठवड्यापूर्वीच इमारत पाडून कोबा फोडून नेला होता, भरावाला. वेताच्या त्या खुर्चीत बसून त्यानं मला आवडीची सगळी गोष्ट सांगितली, तुम्हाला सांगितली ती. माझ्यावर आवाज चढवला नाही. "तुमाला काय ठावं मालक," म्हणाला. "मीच सांगाया पायजे व्हतं."

मी मान हलवली. सुटलो, असं वाटलं. तेवढ्यात घराकडचा पडदा सरकला आणि कालिंदी बाहेर आली.

"मी पाहिला होता तो पाय," ती बद्रीनाथला म्हणाली. "यांनाही दाखवला होता."

एवढंच बोलून ती आत गेली. बद्रीनाथनं माझ्याकडं पाहिलं.

मी टर्पेंटाइनची बाटली काढली. कापसाचा बोळा ओला करून निगेटिव्हवरून हळूहळू फिरवला. पेन्सिल पुसता येते. एकेक करून पाचही बोटं परत आली. ब्लेडचं तसं नसतं. टाच आली नाही.

संक्रांतीच्या सकाळी मी स्वतः नवा प्रिंट घेऊन त्याच्या घरी गेलो. कालिंदीनं जा म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मनकर्णाबाई ओसरीवर गोधडीवर बसली होती. बद्रीनाथनं फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि कोपरा दाखवला. म्हातारीनं बोटं मोजली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. मग तिचं बोट खाली सरकलं आणि तिथं थांबलं.

"बाई, टाच..." मी सुरुवात केली. तिला खरं सांगायचं ठरवूनच मी घरातून निघालो होतो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग लेकाकडं. त्याचा चेहरा तिला वाचता येत असणार, कालिंदीला निगेटिव्ह वाचता येतं तसा.

"टाच नसंलच," ती म्हणाली. "आवडी चवड्यांवरच पळायची. लई चपळ. व्हय ना रं?"

तीन रविवार त्या पावलाशेजारी बसून काढलेला माणूस तो. जराही न अडखळता म्हणाला, "व्हय, आई."

म्हातारीनं पाच बोटांवर तिळगुळाचा एक खडा ठेवला. दुसरा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या, गोड बोला."

त्या मायलेकरांचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा बद्रीनाथच्या कुठल्याही फोटोचा वाटला नाही. तिळगूळ मुठीत धरून मी सायकलवर बसलो. टाच होती. भिंगाखाली चांगली खोल टेकलेली दिसत होती, आणि ती खरवडायला मला दहा मिनिटं लागली होती.